बॉलिंगच्या बॉलला टाकी कधी लावायची? देखभाल, रीसरफेसिंग आणि खर्चाचा हिशेब

माझ्या बॉलिंगच्या वहीत पहिल्या मोसमाच्या पानावर २१० डॉलर लिहिलेत आणि गेल्या मोसमाच्या पानावर ११३. दोन्ही वर्षी खेळ जवळपास सारखाच झाला. दर मंगळवारी लीगचे तीन गेम, असे ३३ आठवडे, आणि अधूनमधून सरावाचे वीसेक, म्हणजे साधारण १२० गेम. पहिल्या वर्षी तीनदा रीसरफेसिंग, म्हणजे बॉलची साल यंत्रावर घासून पुन्हा खरखरीत करणं, करून घेतलं, त्याचे १२०. लेनवरचं, म्हणजे बॉल टाकायच्या लांब पट्टीवरचं तेल बॉलमध्ये मुरतं, ते दोनदा दुकानातल्या यंत्रात काढून घेतलं, त्याचे ६०. क्लीनरची एक बाटली १४ ची आणि चकाकी आणणारं पॉलिश १६ चं. एवढं करूनही मार्चपर्यंत बॉल वळेनासा झाला. गेल्या वर्षीचा बॉल तर दुसऱ्या मोसमातला होता, त्याचं रीसरफेसिंग एकदाच केलं, आणि एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारीही तो नव्यासारखा पिनांमध्ये घुसत होता.

मी डेट्रॉईटच्या उपनगरात राहते. या भागात टेनपिन बॉलिंगच्या लीगची जुनी परंपरा आहे. आपली मंडळी बहुतेक ऑफिसच्या टीममधून या खेळात येतात. पहिले काही महिने सेंटरमधला, सगळ्यांनी वापरलेला बॉल चालतो. मग खेळाची गोडी लागते, प्रो शॉपमध्ये, म्हणजे बॉलिंगच्या सामानाच्या दुकानात, बोटांचं माप देऊन स्वतःचा बॉल भोकं पाडून घेतला जातो, आणि तो घरी आणल्यावर प्रश्न पडतो की आता याचं करायचं काय. त्या टप्प्यावर असलेल्यांसाठी हे लिहिते आहे. किमती माझ्या आसपासच्या दुकानांतल्या आहेत. तुमच्याकडे पाच-दहा डॉलर इकडेतिकडे होतील.

पहिली पायरी: बॉल कशाचा आहे ते ओळखा

खर्च ठरतो बॉलच्या सालीवर, म्हणजे कव्हरस्टॉकवर. सेंटरमधले बॉल आणि एकट्या उरलेल्या पिनेवर सरळ टाकायचे स्पेअर बॉल पॉलिएस्टरचे असतात. सगळे त्यांना प्लास्टिकचे म्हणतात. हा बॉल तेल पीत नाही. खेळून झाल्यावर पुसला की झालं. त्याच्यावर रीसरफेसिंगचे पैसे घालू नका. खोल ओरखडा गेला असेल तर गोष्ट वेगळी.

युरेथेनचे बॉल १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आले. ते तेल पितात, पण थोडं.

तुम्ही वळणारा, म्हणजे हुक होणारा बॉल घेतला असेल, तर तो बहुधा रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचा आहे. हे बॉल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आले आणि त्यांनी खेळच बदलला. यांच्या सालीला डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म छिद्रं असतात आणि लेनवरचं तेल त्यांतून आत मुरतं. दिवाळीत कोरडी नवी पणती तेल कशी पिते, ते आठवा. वात पेटवायच्या आत अर्धं तेल मातीत जिरलेलं असतं. रिअ‍ॅक्टिव्ह बॉल तसाच आहे, आणि पुढचा बहुतेक मजकूर त्याच्याचबद्दल आहे.

लेन फाउलच्या रेषेपासून, म्हणजे बॉल टाकताना ओलांडायची नसते त्या रेषेपासून, पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट असते. त्यातल्या सुरुवातीच्या साधारण ४० फुटांवर तेलाचा पातळ थर असतो, पुढचा भाग कोरडा. बॉल तेलावरून घसरत जातो, कोरड्यावर पोचल्यावर पकड घेतो आणि वळतो. ही पकड सालीवरच्या बारीक खरखरीतून येते. अमेरिकेतल्या खेळाचं नियमन करणाऱ्या यूएसबीसीने बॉलच्या हालचालीचा मोठा अभ्यास केला होता. बॉलच्या पोटातला गाभा, भोकांची जागा अशा कितीतरी गोष्टी त्यांनी तपासल्या, आणि सगळ्यांत जास्त प्रभाव निघाला तो सालीवरच्या या खरखरीचा.

म्हणजे वापराने दोन गोष्टी बिघडतात. साल तेल पिऊन भरते, हा एक बिघाड. खरखर झिजून साल गुळगुळीत होते, हा दुसरा. पाटा-वरवंटा वापरलेल्या घरातल्यांना दुसरा बिघाड लगेच कळेल. रोज वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की चटणी वाटली जात नाही, नुसती सरकते. मग दारावर टाकीवाली आली की आई तिला बसवून पाट्याला टाकी लावून घ्यायची. रीसरफेसिंग म्हणजे बॉलला टाकी लावणं. पण पाटा खरकट्याने माखला असेल तर आधी तो धुवायचा असतो. माझं पहिल्या वर्षी हेच चुकलं. बॉल आतून तेलाने भरला होता आणि मी वरून टाकी लावून घेत राहिले.

दुसरी पायरी: प्रत्येक वेळी पुसा

बॉल परत आला की उचलून बघा. त्याच्यावर तेलाची वलयं दिसतील, एकमेकांपासून थोडी सरकलेली. बॉल फिरताना त्याचा अक्ष थोडा थोडा कलत जातो, म्हणून दर फेरीला नवा भाग लेनला टेकतो. ही वलयं पुढचा बॉल टाकायच्या आधी मायक्रोफायबर टॉवेलने पुसायची. दहा सेकंदांचं काम आहे. पुसलं नाही तर दोन तोटे होतात: पुढच्या वेळी बॉल कोरड्या भागावर पोचूनही तेलावरच फिरतो, आणि ते तेल तेवढा वेळ आत मुरत राहतं.

चांगला टॉवेल ८ ते १२ डॉलरला मिळतो आणि मोसमभर पुरतो. चामड्याचे जाड पॅडही मिळतात, १५-२० डॉलरला. ते तेल छान ओढतात. पहिल्या वर्षी मात्र घ्यायची गरज नाही. टॉवेल धुताना कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नका, मग तो तेल टिपत नाही.

नियमाची एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. तुमची लीग यूएसबीसीची मान्यता असलेली असेल, तर ऑगस्ट २०१९ पासून सामना चालू असताना बॉलवर कुठलंही द्रव लावता येत नाही. फक्त कोरडा टॉवेल चालतो. खरखर उठवायचे, सँडपेपरसारखे पॅड असतात; त्यांनी साल घासणंही सामना सुरू झाल्यावर चालत नाही. काय करायचं ते आधी किंवा नंतर.

तिसरी पायरी: बूट काढायच्या आधी बॉल धुवा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर ही पायरी ठेवा.

तिसरा गेम संपला की सगळे गुणांवर बोलत बसतात, कुणी फ्राइज मागवतं, बॉल तसाच बॅगेत जातो. घरी पोचून उद्या पुसू म्हणावं, तर उद्यापर्यंत वरचं तेल आत गेलेलं असतं. खेळून झाल्यावर बॉल घर्षणाने थोडा गरम असतो आणि तेल अजून सालीच्या वरच्या थरातच असतं. पहिल्या पाच-दहा मिनिटांत क्लीनर मारला तर ते बाहेर निघतं. म्हणून मी आता आधी बॉल साफ करते आणि मग बूट काढते. क्रम असा बांधून घेतला की विसरायला होत नाही.

कृती सोपी आहे. बॉलवर क्लीनरचे सहा-सात फवारे मारा, अर्धा मिनिट थांबा, टॉवेलच्या स्वच्छ बाजूने जोर लावून पुसा. बोटांच्या भोकांत क्लीनर जाऊ देऊ नका. आतल्या रबरी ग्रिपचा डिंक त्याने सुटतो. टॉवेलवर करडा-काळा डाग उमटेल. लेनवरची धूळ आणि तेल मिळून तो रंग येतो. दुसऱ्यांदा पुसताना डाग फिकट झाला की पुरे.

क्लीनरची आठ औंसांची बाटली १२ ते १८ डॉलरला येते. दर आठवड्याला वापरली तर मोसमाला दोन लागतात. घेताना यूएसबीसीच्या मान्य यादीत ती आहे का बघा, बाटलीवर किंवा विक्रेत्याच्या पानावर लिहिलेलं असतं. औषधांच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल तीन-चार डॉलरला मिळतं आणि वरवरची सफाई करतं. हात आखडता असेल तेव्हा तेही चालेल. ते लगेच उडून जातं, त्यामुळे आतलं तेल ओढून काढायला मात्र कमी पडतं.

नखांचं पॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन किंवा रंगकामातले पातळ करायचे द्राव यांना अजिबात हात लावू नका. त्यांनी साल विरघळून मऊ होते. १९७३ मध्ये डॉन मॅक्यून नावाच्या व्यावसायिक खेळाडूने बॉल असाच एका द्रावात भिजवून मऊ केला होता. मऊ बॉल लेनला जास्त धरतो. त्या वर्षी तो सहा स्पर्धा जिंकला आणि वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यानंतर बॉलच्या कठीणपणाला किमान मर्यादा घालणारे नियम आले. आज असा मऊ केलेला बॉल सामन्यात चालत नाही, आणि त्या द्रावांच्या वाफा घरात पसरणं आरोग्यालाही वाईट.

चौथी पायरी: बिघाड कुठला ते ठरवा

बॉल कमी वळायला लागला, पिना नुसत्या ढकलल्या जातात, उजव्या हाताने खेळणाऱ्यांची कोपऱ्यातली १० नंबरची पिन दरवेळी उभी राहते, अशा तक्रारी घेऊन लोक प्रो शॉपमध्ये जातात. मीही गेले होते. तिथल्या माणसाने बॉल न पाहताच रीसरफेसिंग सांगितलं, आणि मी तीनही वेळा मान डोलावली. पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानात गेले. तिथले वयस्कर गृहस्थ बॉल खिडकीपाशी घेऊन गेले, तिरप्या उजेडात फिरवून त्यांनी मला दाखवला, आणि आधी घरी गरम पाण्यात ठेवून बघ, मग ये, असं सांगून पैसे न घेता परत पाठवलं. त्या पाच मिनिटांत मी जे शिकले ते असं.

बॉल तिरप्या उजेडात धरा. भोकांच्या आसपासचा, लेनला न टेकणारा भाग आणि रोज टेकणारा पट्टा यांची तुलना करा. न टेकणारा भाग मंद आणि पट्टा आरशासारखा चकचकीत दिसत असेल, तर खरखर झिजली आहे. हे टाकीचं काम. नवखे लोक ही चकाकी बघून खूश होतात, बॉल छान दिसतोय म्हणतात. ती चकाकी झिजेची असते.

पट्टा ठीक आहे, पण आठवडाभर बॅगेत राहिलेल्या स्वच्छ बॉलवर उबदार खोलीत पुन्हा तेलकटपणा येतो? मग आत तेल भरलंय. हे गरम पाण्याचं काम.

दोन्हींपैकी काही दिसत नसेल, तर बॉलला दोष देण्याआधी लेन बघा. त्या दिवशी तेल जास्त असेल, किंवा तुम्ही दमल्यामुळे बॉलचा वेग बदलला असेल. यातल्या कशावरही दुकानातला खर्च हा उपाय नाही.

आणि गेम मोजा. वहीत नाही तर फोनमध्ये, पण मोजा. साधारण ५० ते ६० गेम झाले की रिअ‍ॅक्टिव्ह बॉलचं तेल काढायची वेळ येते. वरची खरखर त्याहून लवकर बसते, पण ती घरच्या घरी उठवता येते.

पाचवी पायरी: बादलीतलं गरम पाणी

दुकानात तेल काढायला २५ ते ३५ डॉलर घेतात. काही दुकानांत बॉलला हलकी ऊब देणारी पेटी असते, काहींत पाण्याचं यंत्र. घरी हेच काम बादलीत होतं आणि खर्च फक्त भांड्यांच्या साबणाचा.

बॉल पूर्ण बुडेल अशी बादली घ्या. आधी क्लीनरने बॉल पुसून घ्या आणि भोकांवर पाणी न लागणारी चिकटपट्टी लावा. नळाचं गरम पाणी भरा, त्यात भांड्यांचा साबण चमचाभर घाला. बॉल हळू आत सोडा आणि पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला की समजा निघतंय. बॉल काढून लगेच टॉवेलने पुसा, पाणी बदला, पुन्हा ठेवा. तवंग दिसेनासा होईपर्यंत दोन-तीन फेऱ्या होतात. शेवटी साध्या पाण्याने धुवा, पुसा, चिकटपट्टी काढा आणि भोकं खाली करून रात्रभर खोलीत वाळू द्या. उन्हात नको, हीटरजवळ नको.

हलक्या बॉलवाल्यांसाठी एक सूचना. सगळ्या वजनांचे बॉल आकाराने जवळपास सारखेच असतात, व्यास साडेआठ इंचांच्या किंचित वर. एवढ्या आकारमानाचं पाणी पावणेबारा पाउंडांच्या आसपास भरतं. म्हणून १० पाउंडांचा बॉल पाण्यावर तरंगतो आणि १४ चा बुडतो. तुमचा तरंगत असेल तर दर पाच मिनिटांनी फिरवत राहा, नाहीतर वरची बाजू कोरडीच राहील.

पाणी किती गरम? इथे घरातल्या वॉटर हीटरला १२० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४९ सेल्सियसची शिफारस असते, आणि तेवढंच नळाचं पाणी पुरतं. १४० फॅरनहाइट, म्हणजे ६० सेल्सियसच्या वर कधीही जाऊ नका. पहिल्या मोसमानंतरच्या उन्हाळ्यात मला वाटलं, अजून गरम पाणी घातलं तर अजून तेल निघेल. म्हणून किटलीतलं उकळतं पाणी बादलीत ओतलं. चार दिवसांनी दोन बोटांच्या भोकांमधल्या अरुंद भागात केसासारखी रेघ दिसली, आणि महिन्याभरात ती बोटाच्या पेराएवढी झाली. साल आणि आतला गाभा वेगवेगळ्या पदार्थांचे असतात, उष्णतेने सारखे फुगत नाहीत. ताण सगळ्यांत कमकुवत जागी येतो. तो बॉल मी अजून जपून ठेवलाय, पण तो खेळायचा राहिला नाही. डिशवॉशर, ओव्हन, हेअर ड्रायर असे उपाय कुणी सुचवले तर ऐकू नका.

सहावी पायरी: घरच्या घरी खरखर उठवणं

सालीची खरखर पॅडच्या नंबरात सांगतात. ५०० चा पॅड भरड, १००० मध्यम, २००० बारीक, ४००० अगदी मुलायम. नंबर जितका कमी, तितका बॉल लवकर पकड घेतो. पॉलिश लावलेला बॉल जास्त लांब घसरतो आणि उशिरा वळतो. पॉलिश वाईट नाही. कोरड्या लेनवर ते हवंच असतं. फक्त मंद सालीच्या बॉलला हौसेने पॉलिश लावलं, की त्याचा मूळ स्वभाव बदलतो. माझे १६ डॉलर असेच गेले.

तुमचा बॉल कारखान्यातून कुठल्या सालीसह आला, ते उत्पादकाच्या संकेतस्थळावर बॉलच्या नावापुढे असतं. उदाहरणार्थ ५००, १०००, २००० अशा क्रमाने घासलेला, किंवा १५०० वर पॉलिश. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढे दुकानात तो लागणार आहे.

हलकी झीज असेल तर शेवटच्या नंबरचा एकच पॅड पुरतो. बॉल धुऊन, तेल काढून घ्या; तेलकट सालीवर पॅड चालवला तर पॅड लगेच बुजतो. रबरी कड्यावर किंवा वाटोळ्या केलेल्या टॉवेलवर बॉल ठेवा. पॅड ओला करा आणि मध्यम जोर देऊन गोल गोल फिरवा. बॉलच्या सहा बाजू धरायच्या, फाशाच्या सहा बाजूंसारख्या, आणि प्रत्येक बाजूला सारखाच वेळ द्यायचा. क्रिकेटमध्ये एक बाजू चमकवतात आणि दुसरी खडबडीत होऊ देतात, ती सवय इथे उपयोगाची नाही. सगळी साल एकसारखी हवी. शेवटी पाण्याने धुऊन क्लीनरने पुसा.

पॅड ५ ते ८ डॉलरला एक. हाताने घासायला तीन पॅड, म्हणजे वीसेक डॉलर, एका मोसमाला पुरून उरतात. बॉल फिरवणारी स्पिनरची यंत्रं दोनशे-तीनशे डॉलरना मिळतात. घरात चार खेळाडू असतील तर विचार करा; एका बॉलसाठी ती घेऊ नका. दर दहा-बारा गेमनी हाताने केलेली ही दहा मिनिटांची घासणी रीसरफेसिंग किती पुढे ढकलते, ते मी माझ्या वहीत पाहिलंय.

सातवी पायरी: दुकानात टाकी

पट्ट्यावर नखाला जाणवतील असे ओरखडे पडले, किंवा ६०-७० गेमनंतर हाताची घासणी पुरेना, की दुकानात जायचं. दर ३० ते ४५ डॉलर. तिथे बॉल यंत्रावर फिरवत आधी ३६० किंवा ५०० च्या पॅडने झिजलेला वरचा थर काढतात, मग एकेक बारीक पॅड लावत मूळ सालीपर्यंत आणतात. बॉलचा फार पातळ पापुद्रा जातो. व्यास साडेआठ इंचांच्या खाली न्यायला नियम परवानगी देत नाही, पण नेहमीच्या वापरात बॉल तिथवर क्वचितच पोचतो, तेव्हा त्याची धास्ती नको.

देताना तीन गोष्टी विचारा. आधी तेल काढणार का, की तेलावरच घासणार? शेवटचा नंबर काय ठेवणार? आणि पॉलिश दरातच धरलंय का? मी वहीतला कारखान्याचा नंबर चिठ्ठीवर लिहून बॉलवर चिकटवते. तेल घरी काढून नेलं असेल तर तेही सांगा, ते पैसे वाचतात.

काही सेंटरमध्ये नाणी टाकून बॉल चकचकीत करायचं जुनं यंत्र असतं. प्लास्टिकच्या बॉलला ते ठीक. रिअ‍ॅक्टिव्ह बॉल त्यात घालू नका. आधीच्या शंभर बॉलांचा मळ आतल्या ब्रशांवर बसलेला असतो, तो तुमच्या सालीवर चोळला जातो.

फुकट मिळालेल्या बॉलचा हिशेब

आमच्या ओळखीत कुणी नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात निघालं, की बॅगेसकट बॉल कुणाला तरी देऊन जातं. प्रेमाने दिलेली वस्तू नाकारू नये. पण खेळायला घेण्याआधी कागदावर मांडा. त्यांच्या बोटांची भोकं तुमच्या हाताला बसणार नाहीत. ती बुजवायला ४५ च्या आसपास, नवी पाडायला ६०, बोटांच्या ग्रिप आणि अंगठ्याचं अस्तर २५, आणि वरून रीसरफेसिंग ४०. झाले १७०. सुरुवातीच्या पातळीचा नवा रिअ‍ॅक्टिव्ह बॉल भोकं पाडून तुमच्या मापाने १५० ते १८० ला मिळतो, वर उत्पादकाची हमी.

जुन्या बॉलमध्ये बोटांच्या भोकांखेरीज एक जास्तीचं भोक दिसलं तर ते वजन सारखं करण्यासाठीचं आहे. १ ऑगस्ट २०२० पासून मान्यताप्राप्त सामन्यांत ते चालत नाही. ते बुजवण्याचा खर्च वेगळा. आणि दोन बोटांच्या भोकांमधल्या अरुंद भागात बारीक रेघ असेल तर बॉल घेऊच नका, माझ्या बादलीतल्या बॉलची तीच कथा होती.

प्लास्टिकचा बॉल फुकट मिळाला तर गोष्ट निराळी. त्याला देखभाल नाही, स्पेअरसाठी तो वर्षानुवर्षं चालतो, आणि एकट्या पिनेवर तो टाकल्याने महागड्या बॉलची तेवढी झीज वाचते. माझा गेल्या वर्षीचा बॉल टिकला त्यात या दुसऱ्या बॉलचाही हात आहे.

गेल्या वर्षीचे ११३ डॉलर कुठे गेले

क्लीनरच्या दोन बाटल्या २८. टॉवेल १०. तीन पॅड १८. एकदा रीसरफेसिंग ४०. बोटांच्या ग्रिप बदलल्या आणि अंगठ्याची पट्टी घेतली, त्याचे १७. तेल तीनदा काढलं, तिन्ही वेळा घरच्या बादलीत. १२० गेमनी भागलं तर गेममागे डॉलरपेक्षा कमी.

पहिल्या वर्षासाठी तुम्ही सुरुवातीला क्लीनरची एक बाटली, टॉवेल आणि बॉलला लागतो तो एक पॅड एवढंच घ्या. तीस-पस्तीस डॉलरमध्ये होतं. बाकीचं गेम मोजत, गरज दिसेल तसं.

बॉल ठेवायचा कुठे

गाडीच्या डिकीत नाही. मिशिगनच्या जानेवारीत डिकीतलं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं आणि जुलैत ती भट्टी होते. दोन्हींत साल आणि गाभा वेगवेगळे आकसतात किंवा फुगतात. लीगच्या दिवशी घरातून न्या, घरी परत आणा. हिवाळ्यात गाडीत तासभर राहिला असेल तर सेंटरमध्ये लवकर पोचून त्याला खोलीच्या उबेवर येऊ द्या. घरात तळघराचा कोरडा कोपरा उत्तम.

लीग एप्रिल-मेमध्ये संपते आणि सप्टेंबरला पुन्हा सुरू होते. मधल्या सुट्टीत आपल्यापैकी बरेच जण मुलांना घेऊन भारतात जातात आणि बॉल तीन-चार महिने बॅगेत पडून राहतो. निघायच्या गडबडीत बॉल शेवटच्या मंगळवारच्या तेलासकट ठेवला, तर ते सगळं आत मुरून परतल्यावर काढायला दुप्पट कष्ट पडतात. म्हणून सामानाच्या बॅगा भरायला घ्याल त्याच्या आदल्या शनिवारी बादलीच्या फेऱ्या करून टाका, रात्रभर वाळवा, ग्रिप सैल झाल्या असतील तर काढून ठेवा, आणि बॉल कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेची चेन थोडी उघडी ठेवा.